दिवा जुना, उजेड नवा

रस्त्यावरच्या गाड्यांकडे हल्ली जरा निरखून पाहिले, की एक गंमत ध्यानात येते. कालच दुकानातून बाहेर पडलेली मोटारसायकल पन्नास वर्षांपूर्वीची वाटावी अशा थाटात उभी असते. टाकी गोल गरगरीत, मडगार्ड पत्र्याचे, सीट ऐसपैस आणि पुढे वाटोळा दिवा. रॉयल एनफिल्डची ‘क्लासिक’ २००९ साली आली, तेव्हा ही आवड चार हौशी लोकांपुरती असेल असे वाटले होते. पण मग २०१८ च्या नोव्हेंबरात जावा परत आली, २०२२ च्या जानेवारीत येझ्दी आली. म्हैसूरच्या कारखान्यातून तिचे उत्पादन १९९६ साली थांबले, तेव्हा तिच्यासाठी डोळे पुसणारी माणसे मी पाहिली आहेत. पुण्याच्या फिरोदियांची १९७२ ची लूना २०२४ साली विजेवर धावू लागली. आणि मुंबईची ती घोड्याची व्हिक्टोरिया? उच्च न्यायालयाने २०१५ साली ती बंद करायला सांगितली, आणि २०२१ च्या मार्चमध्ये तीच बग्गी, तोच थाट, फक्त घोडा गेलेला, अशी बॅटरीवर चालणारी व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत अवतरली.

थोडक्यात काय, आत सगळे नवे आणि बाहेर सगळे जुने, असा हा जमाना आहे. या जुनेपणात सर्वांत मान असतो तो दिव्याला. माणसाच्या चेहऱ्यात डोळे, तसा गाडीच्या चेहऱ्यात दिवा. दिवा चौकोनी प्लॅस्टिकचा असला, की बाकी कितीही नटवा, गाडी जुनी दिसत नाही. म्हणून हौशी मंडळी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर फिरतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे जुन्या स्पेअर पार्टचे ढीग उपसतात, आणि पितळी नाहीतर निकेलचा मुलामा दिलेला एखादा दिवा छातीशी धरून घरी आणतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. दिवा दिसतो छान; पण त्याच्या उजेडात खड्डा दिसत नाही! मग त्यात एलईडी बसवायचा. तो कसा बसवायचा, बसवावा का, आणि बसवला तर समोरून येणाऱ्याचे काय, हे सगळे प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरातच येऊन बसले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही वडाळ्याचे. वडील गोदीत नोकरीला होते. १९५६ साली नोकरी लागली तेव्हा त्यांनी सायकल घेतली. पहाटेची पाळी असली, की चार-साडेचारला घर सोडायचे. त्या सायकलला पुढे एक वाटोळा दिवा होता, मागच्या चाकाला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो होता. सायकल केव्हाच भंगारात गेली. दिवा मात्र आईने ठेवला. दर दिवाळीला माळ्यावरची भांडी खाली आली, की हा दिवाही खाली यायचा, पुसला जायचा आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून परत माळ्यावर जायचा.

माझा पुतण्या परळच्या एका इस्पितळात काम करतो. दुपारची पाळी संपवून निघायला त्याला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. गेल्या वर्षी त्याने जुन्या घाटाची एक विजेची सायकल घेतली. वळणदार हँडल, तपकिरी सीट, पुढे वेताची टोपली. तिचा मूळचा दिवा मात्र खेळण्यातला शोभेल असा होता. शिवडीकडून रफी अहमद किडवई मार्गाने रात्री वडाळ्याकडे येऊन पाहा. एका बाजूला गोदीकडचे अजस्र ट्रेलर, दुसऱ्या बाजूला रस्त्याची कामे, पावसाळ्यात पाण्याखाली लपलेले खड्डे. अशा रस्त्यावर दिवा ही काही हौस नव्हे. एके दिवशी तो आईला म्हणाला, “आजी, आजोबांचा तो दिवा मला देशील? एलईडी टाकून सायकलला लावतो.”

आई काही बोलली नाही. दिवा खाली काढून तिने टेबलावर ठेवला, आणि एवढेच म्हणाली, “लाव. पण त्याचं पोट फाडायचं नाही. उद्या काढावासा वाटला तर जसा आहे तसा मला परत मिळाला पाहिजे.”

ही अट ऐकायला साधी, पण सगळ्या कामाची दिशा तिनेच ठरवली. जुना दिवा नवा करायचा म्हणजे ग्राइंडर घेऊन त्याला मागून भोक पाडायचे, जुने होल्डर उपटून फेकायचे, आणि बाजारातला तयार एलईडी आत कोंबायचा, ही सर्रास पद्धत आहे. त्यात दिव्याचा जीव जातो.

इथे जरा मागे जाऊन दिव्याची कुळकथा सांगायला हवी. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर हातगाडीवरून रॉकेल विकणारा जोसेफ लुकास नावाचा एक माणूस होता. रॉकेल विकता विकता तो दिवे विकू लागला, आणि १८८० च्या सुमारास त्याने उंच चाकाच्या सायकलसाठी रॉकेलचा दिवा काढला. नाव ठेवले ‘किंग ऑफ द रोड’. त्याच घराण्याचा पुढे केवढा पसारा झाला, हे ज्यांनी जुन्या बुलेटच्या नाहीतर अ‍ॅम्बॅसेडरच्या दिव्यावर ‘लुकास’ ही अक्षरे वाचली आहेत त्यांना सांगायला नको. लुकासचे वायरिंग मात्र भर रस्त्यात दगा देण्यासाठी इतके प्रसिद्ध झाले, की इंग्रज शौकीन त्या कंपनीला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत.

रॉकेलनंतर कार्बाइड आले. आंबे पिकवायला चोरून वापरतात तीच पूड. खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी, मध्ये एक चावी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडले, की अ‍ॅसिटिलीन वायू निघायचा आणि तो काडी लावून पेटवायचा. उजेड रॉकेलपेक्षा कितीतरी शुभ्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकली आणि मोटारी याच दिव्यावर चालत. वास मात्र असा, की स्वार येण्याआधी त्याची वर्दी यावी. त्यानंतर डायनामो आला आणि काडीपेटीची गरज संपली.

मुंबईला नव्या उजेडाचे कौतुक पहिल्यापासून आहे. १८६५ साली इथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे पेटवणाऱ्या माणसाच्या मागून बघ्यांची गर्दी खांबाखांबाने चालत गेली होती म्हणतात. पुढे सायकली वाढल्या आणि बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पकडणे हा पोलिसांचा आवडता उद्योग झाला. वडील एक किस्सा रंगवून सांगत. एका पहाटे हवालदाराने त्यांना हटकले, “दिवा कुठाय?” वडील थांबले. थांबले तशी चाके थांबली, चाके थांबली तसा डायनामो थांबला आणि दिवा विझला. “हा काय, आत्ता होता,” म्हणून हवालदाराची समजूत पटेना. शेवटी वडिलांनी मागचे चाक उचलून हाताने पायडल फिरवून दिवा पेटवून दाखवला. हवालदार म्हणाला, “जा. पण पुन्हा थांबू नका!”

त्या डायनामोची सारी ताकद सहा व्होल्ट आणि तीन वॅट. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला, ०.६ वॅट मागच्या तांबड्याला. तारेच्या बल्बला एका वॅटमागे दहा-बारा ल्यूमेनच्या वर उजेड देता येत नाही, बाकी सगळी वीज उष्णतेत जाते. म्हणजे वडिलांच्या दिव्याचा एकूण उजेड पंचवीसेक ल्यूमेन. आजचा बरा एलईडी एका वॅटला शंभर ल्यूमेन सहज देतो. हा फरक डोळ्यांसमोर ठेवला, म्हणजे जगाने तारेचा बल्ब का सोडला ते कळते.

एलईडी तसा जुनाच. डोळ्यांना दिसणारा पहिला तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली केला. पण तांबड्या आणि हिरव्या ठिपक्यांनी घर उजळत नाही. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता, आणि तो तीस वर्षे कुणाला साधेना. जपानच्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो साधला. नाकामुरांचा लख्ख निळा एलईडी १९९३ साली आला आणि २०१४ साली या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळ्या भुकटीचा लेप दिला, की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा उजेड भासतो. लेप जाड तर उजेड उबदार पिवळसर, लेप पातळ तर निळसर पांढरा. ही लेपाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

तर दिवा घेऊन आम्ही निघालो. वडाळ्यात ट्रक टर्मिनल आहे, मुंबई पूर्वचे आरटीओ आहे, त्यामुळे गाड्यांच्या वायरिंगची कामे करणाऱ्यांना तोटा नाही. त्या वाटेवर एका टपरीवजा दुकानात संगमेश्वरकडचे एक मिस्त्री बसतात. ट्रकच्या बॅटऱ्यांपासून हौशी लोकांच्या बुलेटपर्यंत सगळ्यांचे दिवे त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी दिवा हातात घेतला, काच काढली, आतल्या आरशावर फुंकर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, “घरात हा कोण पुसतं?”

“आई.”

“बाहेरून पुसू दे. आतून कधी फडकं लावू देऊ नका. चांदीचा मुलामा आहे, कागदापेक्षा पातळ. चिंच, रांगोळी लावलीत तर दोन दिवाळ्यांत पत्रा दिसेल.” आईने आतून कधी हात लावला नव्हता, त्यामुळे आरसा शाबूत होता. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यांनी तो नुसता बुडवून काढला आणि सावलीत उपडा ठेवला.

मग त्यांनी मूळ अडचण समजावून दिली. दिव्याचा आरसा खोलगट वाटीसारखा असतो. त्या वाटीच्या पोटात एक नेमकी जागा असते. शाळेत आपण तिला नाभी म्हणत होतो. तिथून निघालेला किरण आरशावर आपटून सरळ पुढे जातो. बल्बमधली तार बरोबर त्या जागी बसवलेली असते, आणि ती चहूबाजूंनी उजेड टाकते, म्हणून आरशाचा कण न् कण कामाला लागतो. एलईडीचे तसे नाही. तो एका चपट्या चकतीवर बसलेला असतो आणि फक्त तोंडासमोर उजेड टाकतो. तो समोर तोंड करून बसवला, की उजेड आरशाला न विचारताच बाहेर पडतो. समोरच्या माणसाला लख्ख दिवा दिसतो आणि चालवणाऱ्याला रस्ता दिसत नाही! बाजारात मक्याच्या कणसासारखे, सगळ्या अंगावर दाणे असलेले एलईडी मिळतात. त्यातला निम्मा उजेड नाभीपासून लांब असतो, म्हणून तो झाडावर, गच्चीवर, समोरच्याच्या डोळ्यांत, कुठेही जातो.

मिस्त्रींनी काय केले ते ऐका. एक जळका बल्ब घेतला. त्याची काच फोडून पितळी पेचाची टोपी तेवढी ठेवली. त्या टोपीवर अ‍ॅल्युमिनियमची एक बारीक पट्टी उभी बसवली, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक वॅटचा एलईडी पाठीला पाठ लावून चिकटवला. जुन्या बल्बची तार जितक्या उंचीवर होती, बरोबर तितक्याच उंचीवर. कॅलिपरने मापून. आता उजेड दोन्ही बाजूंनी आरशावर पडणार आणि आरसा तो पुढे फेकणार. टोपी जुन्याच होल्डरमध्ये पेचाने बसते. भोक नाही, कापाकापी नाही. आईची अट पुरी झाली.

राहिली उष्णता. एलईडी थंड असतो हा एक गैरसमज आहे. त्याचा उजेड थंड असतो, पाठ चांगली तापते. आणि ती उष्णता काढून नेली नाही, तर तो लवकर म्हातारा होतो. मोठ्या दिव्यांत त्यासाठी मागे पंखा किंवा खाचांचा धातू लावतात. इथे दोनच वॅट होते, आणि दिव्याची पितळी टोपी हाच उष्णता वाहून नेणारा धातू झाला. उलट एक तोटा असा, की तारेचा बल्ब पुढची काच तापवायचा आणि पावसाळ्यात आत धरलेले बाष्प सुकायचे. एलईडी काच तापवत नाही. म्हणून मिस्त्रींनी काचेखालचे रबर नवे घातले आणि दिव्याच्या तळाशी पूर्वीपासूनच असलेले पाणी निघायचे बारीक छिद्र मोकळे केले.

सायकलची बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-अवरची. दिव्याला हवे सहा व्होल्ट. मध्ये काडेपेटीएवढा कन्व्हर्टर बसला. बॅटरीत साधारण ३६० वॅट-तास वीज मावते. दोन वॅटचा दिवा तासभर जाळला, तर शेकड्याला एक भागही खर्च होत नाही. आणि उजेड वडिलांच्या वेळेच्या सात-आठपट.

दुकानात बसल्या बसल्या मोटारसायकलवाल्यांच्या कहाण्याही ऐकल्या. जुन्या गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असते. छत्तीस वॅटचा बल्ब त्यावर लावला, की तारेतून सहा अँपिअर प्रवाह जातो. पन्नास वर्षांच्या स्विचमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये थोडा अडथळा असतोच. एक दशांश ओहम म्हटला, तरी ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे दहा टक्के. आणि तारेच्या बल्बचे असे आहे, की व्होल्टेज दहा टक्के उतरले तर उजेड तीस टक्के उतरतो. मिस्त्री म्हणाले, “लोक येतात आणि म्हणतात, बल्ब बदला, एलईडी टाका. मी आधी अर्थिंग घासतो, वायर बदलतो, रिले टाकतो. अर्ध्या लोकांना जुनाच बल्ब पुरतो, मग ते पैसे द्यायला कुरकुरतात!” कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू चॅसीला जोडलेली असते. तारेच्या बल्बला उलटसुलट चालते, एलईडीला चालत नाही, म्हणून ते आधी मीटर लावतात. स्कूटर, मोपेडवर तर दिवा थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालायचा. लूनाची मूठ पिळली की दिवा लख्ख, सोडली की मिणमिण, हे कुणाला आठवत नाही? तिथे एलईडी लावायचा तर आधी वीज सरळ करून घ्यावी लागते.

मोटारसायकलच्या बाबतीत कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच भूमिका ठामपणे मांडली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले. नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. पण तिथेही गाडी मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोज कामावर न्यायची नाही. ज्यांना कंपनीनेच बसवलेला एलईडी हवा, त्यांच्यासाठी २०२४ साली ‘क्लासिक’ला तो मिळाला, शेजारच्या त्या दोन इवल्या दिव्यांसकट. पुतण्याच्या सायकलचे तसे नाही. अडीचशे वॅटपर्यंतची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकल नियमांच्या लेखी मोटार वाहन नव्हे, म्हणून तिला नंबरप्लेट लागत नाही. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना नंबरप्लेट आहे की नाही हे कुठे कळते?

एक जमाना असा होता, की मुंबईत मोटारीच्या दिव्यांवर काळा पट्टा नाहीतर काळा टिळा लावत. शहरात रस्त्यावर दिवे आहेत, तुमचा दिवा लोकांच्या डोळ्यांत कशाला, असा त्यामागचा विचार. तो टिळा आता नाहीसा झाला. उलट १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झाले की आपोआप लागतो. दुचाकी समोरच्याला दिसावी म्हणून हे केले आणि ते योग्यच आहे. पण दिसणे आणि दिपवणे यांत फरक आहे. वय वाढते तसे डोळ्यांतले भिंग गढूळ होते, मोतीबिंदू असेल तर फारच. मग लख्ख उजेड आत फुटून पसरतो आणि पुढे काही क्षण सगळे काळे दिसते. आमच्या आईच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. संध्याकाळी कात्रक रोड ओलांडताना ती माझा दंड घट्ट धरते, ती गाड्यांच्या भीतीने नव्हे, दिव्यांच्या.

उजेडाच्या रंगाचाही प्रश्न होता. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे सोनेरी दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकरांनी केवढी ओरड केली होती! राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून वर्तमानपत्रांची पाने भरली, आणि शेवटी पिवळा उजेड परत आला. तो वाद सौंदर्याचा होता. दुचाकीवर तो उपयोगाचाही होतो. निळसर पांढरा, ज्याला दुकानदार सहा हजार केल्व्हिन म्हणतात, तो दुकानात भारी वाटतो; पण पावसात आणि धुक्यात तोच उजेड थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. जाड लेपाचा, तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर उजेड जुन्या तारेच्या जवळचा, दिव्याला शोभणारा आणि डोळ्यांना मवाळ.

मिस्त्रींनी दोन बल्ब दिले. एक बाजारातला निळसर, कणसासारखा. पुतण्याला तो आवडला होता. दुसरा त्यांनी बनवलेला पिवळसर. “रात्री भिंतीवर मारून बघा आणि ठरवा,” म्हणाले.

मोटारींच्या दिव्यांसाठी केंद्रीय नियमावलीत नियम १०६ आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिव्याने दिपता कामा नये, असे तो सांगतो. सायकलला तो लागू नसला तरी मोजमाप म्हणून मला पटला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सोसायटीच्या आवारात सायकल उभी केली, टेपने आठ मीटर मोजले आणि खडूने फुली मारली. फुलीवर कोण उभे राहणार? मी पुढे झालो, तर आई म्हणाली, “तुझे डोळे धड आहेत, तुला काय कळणार? मी उभी राहते.” तिची उंची सव्वापाच फूट. डोळा बरोबर दीड मीटरवर. सरकारने नियम जणू तिच्याच मापाने शिवला होता.

आधी कणीस लावले. सारे आवार चांदण्यासारखे उजळले, पिंपळाची वरची पाने दिसू लागली. आईने पदर डोळ्यांवर घेतला. दिवा बंद केल्यावर मी विचारले, “जिन्याची पायरी दिसते?” ती थांब म्हणाली. मी मनात आकडे मोजत होतो, चौदापर्यंत गेलो तेव्हा ती म्हणाली, “आता दिसते.” चौदा सेकंदांत पुतण्याची सायकल ताशी वीसच्या वेगानेही पाऊणशे मीटर पुढे गेली असती.

मग दुसरा. जमिनीवर सायकलपुढे दहा-बारा पावलांपर्यंत एक लांबट पिवळा पट्टा पडला, कडा नीट कापल्यासारख्या. भिंतीवर उजेडाची वरची हद्द दिव्याच्या उंचीच्या चार बोटे खाली. आई पाहत राहिली. पदर हातातच राहिला.

“आता कसं वाटतंय आजी?”

“दिवा दिसतो,” ती म्हणाली, “आणि दिव्यामागे तू पण दिसतोस.”

यापरती चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होत असेल, मला ठाऊक नाही. पुतण्याने मुकाट्याने कणीस खिशात घातले. दिव्याचा नट अर्धा फेरा घट्ट केला, म्हणजे खड्ड्यात आदळून तो वर मान करणार नाही, आणि काम संपले.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावायचे, नाहीतर नव्याच्या नादात तिची ओळख पुसून टाकायची. मधली वाट जरा वेळ खाते. तिला मोजमाप लागते, वस्तू मुळात कशी काम करत होती हे समजून घ्यावे लागते, आणि आपण केलेले पुढच्याला मागे घेता येईल एवढी जागा सोडावी लागते. हौशी तरुणांना माझे सांगणे एवढेच, की चोरबाजारातून दिवा जरूर आणा, त्यात एलईडी जरूर घाला. पण रस्त्यावर नेण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एकदा आठ मीटरवर उभे करा आणि विचारा.

वडिलांच्या दिव्यातला जुना बल्ब आईने कापसात गुंडाळून सुपारीच्या डबीत ठेवला आहे. तो अजून लागतो. मिस्त्रींनी बॅटरीवर लावून दाखवला होता. रात्री अकराच्या सुमारास ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. रस्त्याच्या वळणावर एकामागून एक पांढरे दिवे येतात आणि जातात. त्यांत एक पिवळा, जमिनीकडे बघत येणारा दिवा दिसला, की ती उठते आणि आमटी गरम करायला आत जाते.